आधी जोड बघा, मग निवड

खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांनी विचारलंय. मुलगा अकरा वर्षांचा, सहावीत. दोन वर्षांपासून बेळगावात क्रिकेट कोचिंगला जातो, वेगवान गोलंदाजी टाकतो. गेले दोन महिने टाच दुखते. चौदा वर्षांखालच्या निवडीत त्याचं नाव आलं नाही. प्रशिक्षक म्हणतात, आता बाकीचे खेळ बंद करा, आठवड्यातले सहा दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास या, नाहीतर मागं पडेल. घरात कुणी म्हणतं निवासी अकॅडमीत घाला, कुणी म्हणतं खेळच बंद करा. आणि शेवटी त्यांनी लिहिलंय, "सर, तुम्ही इतकी वर्षं पोरं खेळवलीत. तुमचा मुलगा असता तर काय केलं असतं?"

मी बेळगाव तालुक्यातल्या मराठी शाळेत एकतीस वर्षं पीटी सर होतो. अजूनही सकाळी ग्राउंडवर जातो, पोरांना धावायला आणि खो-खो शिकवतो. लहानपणी तालमीच्या मातीत वाढलो. मला जे दिसलं आणि वाचून जे पटलं, ते सांगतो.

पहिल्यांदा टाच, कारण बाकी निर्णयांना महिनाभर लागला तरी चालेल, टाचेला नाही. या वयात टाचेच्या हाडाच्या मागच्या बाजूला वाढीची कूर्चा असते, ती अजून पक्की झालेली नसते. हाड भराभर वाढतं, पोटरीचा स्नायू त्याच्या मागं पडतो, आणि पोटरीची जाड शीर नेमकी त्या कूर्चेलाच ओढत राहते. धावणं, उड्या, गोलंदाजीत पुढचा पाय जोरात टेकणं, प्रत्येक वेळी तिथंच ताण. डॉक्टर याला सेव्हरचा आजार म्हणतात. साधारण आठ ते चौदा वयाच्या खेळणाऱ्या मुलांत तो भरपूर दिसतो. याचाच भाऊ म्हणजे गुडघ्याच्या वाटीखाली दुखरी गाठ येते तो ऑसगुड-श्लॅटर. दोन्ही सहसा कायमचं नुकसान करत नाहीत, पण पळणं-उडणं कमी केल्याशिवाय लवकर थांबतही नाहीत. माझ्याकडं एखादं पोर येऊन "सर, टाच दुखूलंय" म्हणालं की मी आता पहिला प्रश्न विचारतो, "उंची कधी मोजलीस?" दहा वर्षांपूर्वीपर्यंत मी म्हणत होतो, "दोन फेऱ्या मार, मोकळं होईल." ते चुकीचं होतं.

एकदा हाडाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. तेल लावून जोरात चोळू नका, 'उतरवून' घेऊ नका, इंजेक्शन घेऊन सामना खेळवू नका. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल, सूज असेल, ताप असेल, पोर लंगडत असेल, तर त्याच दिवशी जा. आणखी एक, तो वेगवान गोलंदाज आहे म्हणून: कमरेत एका बाजूला दुखतंय, मागं वाकल्यावर वाढतंय आणि दोन आठवड्यांत गेलं नाही, तर ते 'अंग आखडलंय' म्हणून सोडू नका. कोवळ्या मणक्याला बारीक तडा जातो, साध्या एक्स-रेत तो पुष्कळदा दिसतही नाही.

आता तासांचा हिशेब. सहा दिवस, दोन वेळा, दोन-दोन तास म्हणजे आठवड्याला चोवीस तास. रविवारचा सामना वेगळाच. खेळाडू मुलांच्या दुखापतींवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासातून एक सोपा नियम निघालाय, तो मी प्रत्येक पालकाला सांगतो: मुलाचं जितकं वय, आठवड्याला तितकेच तास शिस्तीतला सराव. त्यापुढं गेलं की वापरून-वापरून होणाऱ्या गंभीर दुखापती वाढतात. तुमच्या मुलाला अकरा तास. सांगितले जातायत ते त्याच्या दुपटीहून जास्त. शिवाय सहाच्या सरावाला खानापूरहून निघायचं म्हणजे पोर पाचच्या आत उठणार आणि संध्याकाळचा सराव करून घरी यायला नऊ. या वयाला नऊ ते बारा तास झोप लागते. सरावात हाडाला आणि स्नायूला फक्त निरोप जातो, बांधकाम रात्री झोपेत होतं. झोप कापून सराव वाढवणं म्हणजे रोप लावायचं आणि पाणी तोडायचं.

आता निवडीकडं येतो. त्या यादीत नाव नाही म्हणून तुमच्या घरात दोन दिवस कुणी नीट जेवलं नसेल, हे मला माहीत आहे.

क्रिकेटमध्ये वयोगटाची रेघ १ सप्टेंबरला ओढतात. एका मुलाचा जन्म सप्टेंबरचा, दुसऱ्याचा पुढच्या वर्षीच्या ऑगस्टचा. कागदावर दोघं एकाच गटात, प्रत्यक्षात जवळजवळ वर्षाचं अंतर. चाळिशीत वर्षाला काही किंमत नाही. अकराव्या वर्षी ते आयुष्याचा अकरावा हिस्सा असतं. म्हणून जगभरात बहुतेक खेळांच्या लहान वयाच्या संघांची यादी काढा, रेघेनंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत जन्मलेली मुलं जास्त आणि शेवटच्या महिन्यांतली कमी भेटतात. देवानं सप्टेंबरमध्ये जास्त गुण वाटले असं काही नाही. आपण मोठी दिसणारी मुलं उचलतो.

आपल्याकडं तर त्यात आणखी एक गाठ आहे. जुनी जनरल रजिस्टरं मी हाताळलीत. पानंच्या पानं १ जून! आई-वडील शेतावरून आलेले, नक्की तारीख सांगता येत नाही, गुरुजींनी शाळा सुरू होण्याचा दिवस टाकून दिला. आता जन्मदाखले बरेच सुधारलेत, पण वय मागं ओढून घेणारी घरं अजून आहेत, आणि तसं सुचवणारी माणसं ग्राउंडवरही आहेत. भारतीय क्रिकेट मंडळ सोळा वर्षांखालच्या मुलांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय ठरवतं, ते याचसाठी. तुम्हाला कुणी दाखला बदलायला सांगितलं तर त्या माणसापासून लांब राहा, एवढंच सांगतो.

पण दाखला अगदी खरा असला तरी प्रश्न सुटत नाही, कारण शरीर दाखल्यावर चालत नाही. मुलींची उंची सर्वांत वेगानं वाढते सरासरी बाराव्या वर्षी, मुलांची चौदाव्या. ही सरासरी झाली. एखादं पोर बाराव्या वर्षी ताडासारखं वाढतं, एखादं सोळाव्या वर्षी. म्हणजे तेरा वर्षांच्या दोन मुलांत हाडाच्या वयानं चार वर्षांचा फरक असू शकतो. एकाला मिसरूड फुटलेली, दुसऱ्याचा आवाज अजून बायकी. आणि आपण त्यांना एका मैदानावर उभं करून विचारतो, यातला गुणी कोण?

मी शाळेत शिकवत असताना आमचा चौदा वर्षांखालचा कबड्डी संघ सलग तीन वर्षं तालुक्याला जिंकला. भिंतीवर फोटो होते. निवृत्तीच्या वेळी ते खाली उतरवताना मी नीट बघितले. जवळजवळ प्रत्येक पोराच्या ओठांवर लव होती. मी खेळाडू निवडले नव्हते, वाढ निवडली होती. त्यातला एकही पुढं कॉलेजात खेळला नाही. सतराव्या वर्षी बाकीची पोरं त्यांच्या उंचीला आली, आणि या मुलांजवळ वजनाशिवाय दुसरं काही नव्हतं, कारण वजनावर जिंकत असताना मी त्यांना दुसरं काही शिकवलंच नव्हतं. त्याच काळात एक बारकं पोर रोज राखीव म्हणून बाकावर बसायचं. पायाचं काम सुरेख, कुणाच्या हाताला लागत नसे. त्यानं आठवीत येणं सोडलं. ते आज काय खेळलं असतं, हे मला कधीच कळणार नाही, आणि हे मला रात्री आठवतं.

याचं उत्तर बाहेरून आणावं लागत नाही. आपल्या कुस्तीत ते पिढ्यान्‌पिढ्या आहे. आनंदवाडीच्या आखाड्यात म्हणा, येळ्ळूरच्या मैदानात म्हणा, लहान पोरांच्या कुस्त्या कशा लागतात बघा. जन्मदाखला कोण मागत नाही. पंच दोघांना समोरासमोर उभं करतात, खांदे बघतात, मान बघतात, मांडी बघतात, 'मेहनत किती वर्षं?' विचारतात, मग म्हणतात, "जोड हाय, लावा." जोड नसेल तर वस्ताद आपला पठ्ठा लावू देत नाही, त्यात कुणाचा अपमान होत नाही. कारण त्यांना माहीत असतं, बेजोड कुस्तीत हरणारा काही शिकत नाही आणि जिंकणाराही काही शिकत नाही. इंग्लंडच्या फुटबॉल अकॅडम्यांनी गेल्या दशकात हेच सुरू केलं. मुलाची मोठेपणीची उंची किती होईल याचा अंदाज काढायचा, त्याच्या किती टक्के उंची आज झालीय ते बघायचं, आणि कधीकधी त्या मापानं गट पाडून खेळवायचं. त्यांना दिसलं ते असं: उशिरा वाढणारी मुलं अशा सामन्यात पुढाकार घेतात, आणि लवकर वाढलेल्यांना पहिल्यांदाच डोकं वापरावं लागतं. आपल्या पंचांना हे शब्दांशिवाय कळत होतं.

तर तुमच्या मुलाची जोड बघा. त्या निवड झालेल्या मुलांशेजारी तो कितीसा दिसतो? खांद्याला लागतो? मग ती यादी त्याच्याबद्दल काहीच सांगत नाही. घराच्या दाराच्या चौकटीवर तीन-तीन महिन्यांनी पेन्सिलनं उंचीची खूण करा. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरच्या वर गेली की समजा, वाढीचा जोर आला. त्या काळात हाड आधी लांब होतं आणि त्यात चुना नंतर भरतो, म्हणून मनगटं मोडण्याचं प्रमाणही याच वयात जास्त असतं. पोर अचानक बेंगरूळ धावतं, सरळ टाकलेला चेंडू वाईड जातो. प्रशिक्षकाला वाटतं लक्ष नाही. लक्ष असतं, हातापायांची लांबी बदललेली असते, मेंदूला नवा हिशेब मांडायला वेळ लागतो. त्या सहा-आठ महिन्यांत उड्या आणि वेगानं धावणं कमी, तोल आणि हात-डोळ्यांचं काम जास्त.

"बाकीचे खेळ बंद करा," हे मला सर्वांत जास्त खटकतं.

२०२४ ला पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसळे आपल्या शेजारच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. त्यानं २००९ मध्ये, म्हणजे चौदाव्या वर्षाच्या आसपास महाराष्ट्र सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत पाऊल टाकलं आणि एक वर्ष सर्वसाधारण तयारी झाल्यावर नेमबाजी निवडली. आपल्या तुरमुरीची मलप्रभा जाधव ज्युदो खेळत मोठी झाली, आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कांस्यपदक आणलं कुराश या मध्य आशियातल्या कुस्तीत, ५२ किलोत. एका खेळातली पकड, तोल, समोरच्याचं वजन ओळखणं दुसऱ्या खेळात चाललं. ही दोन उदाहरणं झाली. पण हजारो खेळाडूंच्या बालपणाचे अभ्यास एकत्र करून २०२१ मध्ये जी मांडणी झाली तीही हेच सांगते. जागतिक दर्जाला पोचलेल्यांनी लहानपणी त्यांच्याहून थोडं खाली राहिलेल्यांपेक्षा जास्त वेगवेगळे खेळ खेळले होते, आपला मुख्य खेळ उशिरा धरला होता आणि सुरुवातीला त्यांची प्रगती हळू होती. उलट लहान वयोगटात चमकलेल्यांनी लवकर एकच खेळ धरला होता. म्हणजे प्रशिक्षक खोटं बोलत नाहीत. आता एकच खेळ धरला तर बाराव्या वर्षी तो पुढं दिसेलही. तुम्हाला तो बाराव्या वर्षी पुढं हवाय की बाविसाव्या, हे आधी ठरवा.

नॉर्वेचं सांगायला हवं. २०११ च्या जनगणनेत आपल्या बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाख ७९ हजार होती. नॉर्वे हा सगळा देश साधारण ५६ लाखांचा. तिथं १९८७ पासून मुलांच्या खेळाचे नियम लिहून ठेवलेत, २००७ मध्ये ते मुलांचे हक्क म्हणून पुन्हा मांडले. अकरा वर्षांखाली निकालाच्या याद्या आणि क्रमवारी लावायची नाही, तेरापर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. आणि हाच देश २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये सोळा सुवर्णपदकं घेऊन सगळ्यांच्या वर होता. त्यांचा पैसा, त्यांचं बर्फ आपल्याकडं नाही, हे मान्य. पण मुलांना लवकर चाळून काढलं नाही तर देश मागं पडतो, हे तरी खरं नाही, इतकं त्यातून नक्की घेता येतं. आपल्याकडं मात्र होबळी (म्हणजे काही गावांचा गट), तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शिडी दरवर्षी लागते. पहिल्या पायरीवर हरलेल्या मुलाला त्या वर्षी दुसरा सामनाच मिळत नाही. जून-जुलैत दोन सामने खेळून ज्यांचा हंगाम संपला अशी शेकडो पोरं मी बघितलीत. ज्यांना सामने सर्वांत जास्त हवेत, त्यांनाच सर्वांत कमी मिळतात.

आता माझी स्वतःची गोष्ट, कारण ती न सांगता तुम्हाला सल्ला देणं मला योग्य वाटत नाही.

सातवीत एक मुलगी आली. पश्चिमेकडच्या गावातली, घरून शाळेत चालत यायची, अनवाणी धावायची. मी तिला शंभर, दोनशे, चारशे, लांब उडी, रिले, सगळ्यात उतरवली, वर खो-खो. एकाच दिवशी पाच-पाच शर्यती. दोन वर्षं वैयक्तिक चॅम्पियनशिपचा चषक तिनं शाळेला आणला, आणि चषकाबरोबर माझं नाव झालं. नडगी दुखते म्हणायची, मी चिकटपट्टी बांधून पळवायचो. नववीत तिचं अंग भरलं, पाळी सुरू झाली, वेळ मागं गेली. हे शरीराचं साधं गणित होतं. वर्ष-दोन वर्षं थांबलो असतो तर ती त्या नव्या अंगानिशी पुन्हा धावली असती. पण मला ते ठाऊक नव्हतं, आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुझं आता लक्ष राहिलं नाही." दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. दोन वर्षांपूर्वी गणपत गल्लीत भेटली, लेकीला घेऊन. वाकून नमस्कार केला. मी लेकीला विचारलं, "तू काय खेळतीस?" तीच म्हणाली, "खेळाला नाही घातलं सर. शाळाच बरी." तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला त्याच्यावर काही बोलता आलं नाही.

मुलींबाबत म्हणूनच मी वेगळं सांगतो. बारा ते पंधरा या वयात वेळ आणि क्रमांक मोजणं कमी करा, हजेरी मोजा. ग्राउंडजवळ कडी लागणारं स्वच्छतागृह असणं हे कुठल्याही प्रशिक्षणाइतकं महत्त्वाचं आहे. रक्त तपासून घ्या, आपल्या मुलींत लोह पुष्कळदा कमी असतं. पाळी तीन महिने आली नाही तर 'खेळते म्हणून' असं धरून बसू नका, खाणं कमी पडतंय का बघा आणि डॉक्टरांकडं जा.

तालमीचं मी कौतुक केलं, पण तिथलं सगळंच उचलायचं नाही. मेहनत चालू असताना पाणी प्यायचं नाही, ही जुनी समजूत आम्ही अंगावर काढली, ती घातक आहे. दहा वर्षांच्या पोराला पाचशे बैठकांचा आकडा गाठायला लावणं, चुकलं की छडी, हेही सोडायला हवं. मार खाऊन शिकलेलं पोर डाव शिकतं, पण नवा डाव करून बघायचं धाडस करत नाही. मॅटवरच्या वयोगटांत आता आणखी एक रोग आलाय, वजन तोडायचा. दोन किलो खालच्या गटात बसावं म्हणून तेरा वर्षांचं पोर आदल्या रात्री उपाशी, अंगात जाड जर्किन घालून पळतंय. १९९७ मध्ये अमेरिकेत असं वजन तोडताना सहा आठवड्यांच्या आत कॉलेजचे तीन कुस्तीगीर मेले, तेव्हा तिथले नियम बदलले. ते तरणे गडी होते. वाढत्या वयात वजन खाली नाही, वर जायला हवं. ज्या गटात बसतो त्या गटात खेळवा. खुराक म्हणाल तर डब्यातल्या पावडरीची गरज नाही. दूध, अंडी, उसळ, शेंगदाण्याची चटणी, जोंधळ्याची भाकरी, भात-आमटी, आणि पोटभर. सरावाआधी केळं, सरावानंतर तासाभरात जेवण. सकाळी उपाशीपोटी बसमध्ये बसणारं पोर कितीही गुणी असलं तरी आठच्या सुमारास विझतं.

मग तुमच्या जागी मी काय केलं असतं?

चार ते सहा आठवडे गोलंदाजी आणि पळणं बंद. खेळ बंद नाही. फलंदाजी, जवळचे झेल, बसून-गुडघ्यावर चेंडूफेक, पोहणं. पोटरी सैल करायचे व्यायाम डॉक्टरांनी किंवा फिजिओनी दाखवावेत, बुटात टाचेखाली मऊ गादी. चालताना, मग उडताना दुखलं नाही की गोलंदाजी परत, आठवड्यात तीन दिवस, एकाआड एक. किती? इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाची मर्यादा बरीच वर्षं अशी होती: तेरा वर्षांपर्यंतच्या वेगवान गोलंदाजानं एका दमात पाच षटकं, दिवसभरात दहा. ही कमाल झाली. तुमच्या मुलाला मी नेटमध्ये पाचच्या वर टाकू दिली नसती, आणि चेंडू मोजले असते. नेटमध्ये चेंडू कुणी मोजत नाही, तिथंच घात होतो. सामना असला की दमदार पोराच्या हाती चेंडू जातो तो परत येत नाही. शिवाय मोठ्यांचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, मुलांचा १३५ च्या आसपास. मुलांचाच वापरा. बावीस यार्डांऐवजी अठरा-वीस यार्डांवर टाकू द्या, म्हणजे खांद्याला झटका देऊन चेंडू पोचवावा लागणार नाही आणि शैली बिघडणार नाही. आपण सहावीच्या पोराला दहावीचा पेपर देत नाही, पण खेळपट्टी मात्र मोठ्यांची देतो.

बेळगावला आठवड्यात तीन दिवस, एकच वेळ. सकाळची बस सोडा. बाकीचे दिवस गावात. आणि गावात म्हणजे रिकामं नव्हे. शिस्तीतल्या दर दोन तासांमागं निदान एक तास मोकळा खेळ असावा, असंही तेच दुखापतींचे अभ्यास सांगतात. मोकळा खेळ म्हणजे ज्यात शिट्टी कुणाच्या तोंडात नसते. लगोरी, विटीदांडू, आट्यापाट्या, सूरपारंब्या. आट्यापाट्यांत पाटी अडवणाऱ्याला चकवताना जे अंग वळतं, ते मी प्लास्टिकच्या शंकूंमधून पळवून कधी शिकवू शकलो नाही. विटीवर नजर ठेवणारा डोळा चेंडूवरही राहतो. भांडण होतं, पोरं स्वतः नियम ठरवतात, मिटवतात, आणि बारक्याला दोन दान जास्त देतात. जोड लावतात, बघा.

आणि पावसाळा. खानापुरात जून ते सप्टेंबर काय पडतो हे तुम्हाला मी सांगायला नको. अकॅडम्या हल्ली छताखालच्या नेटमध्ये बारा महिने चालतात, पालकांना वाटतं पावसात खाडा झाला तर फी वाया. एकच खेळ वर्षात आठ महिन्यांच्या वर खेळणाऱ्या मुलांत दुखापती जास्त होतात. निसर्गानं आपल्याला सुट्टी बांधून दिलीय, ती घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये क्रिकेटची बॅग खुंटीला. तालीम असेल तर मातीत घाला, नसेल तर शाळेच्या ओसरीत मल्लखांब, कोलांट्या, दोरीवर चढणं. शाळेचे कबड्डी-खो-खोचे सामने त्याच दिवसांत असतात, खेळू द्या. चिखलात पळून घोटे जसे मजबूत होतात तसे कशानंच होत नाहीत. टाच बरी झाल्यावर, अर्थात.

निवासी अकॅडमी मी अकराव्या वर्षी नाहीच म्हणेन. सैन्यानं मुलांसाठी चालवलेल्या क्रीडा तुकड्या (बॉइज स्पोर्ट्स कंपनी) लहान वयात घेतात, आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातही कुस्तीची पोरं घडतात, पण तिथं शाळा, डॉक्टर, जेवण सगळं एका छताखाली बांधलेलं असतं. तसं सगळीकडं नसतं. तुम्ही चौकशी करायला गेलात तर मैदान बघू नका, ते चांगलंच असतं. गेल्या तीन वर्षांत किती पोरं सोडून गेली आणि का, हे विचारा. दुखापत झालेलं पोर दिवसभर काय करतं, हे बघा. आणि आपल्या भागात एक जादा प्रश्न विचारा: शिकवणार कुठल्या भाषेत? मराठी शाळेतलं पोर पुढं बेंगळूरूच्या शिबिरात गेलं की कानडीत सूचना, इंग्रजीत तक्ते. समजलं नाही तरी ते मान हलवतं, आणि प्रशिक्षक म्हणतात ऐकत नाही. मी अशी तीन पोरं ओळखतो जी खेळात नव्हे, भाषेत हरून परत आली. म्हणून त्याला कानडी बोलायला आत्तापासून शिकवा, शेजारच्या कानडी पोरांबरोबर खेळवा. खेळताना सहा महिन्यांत येते. भांडायला यायला लागली की पक्की आली.

प्रशिक्षकांशी भांडू नका. त्यांनाही पालकच विचारतात, 'कप कुठाय?' एकदा शांतपणे बसा, टाचेचा कागद दाखवा, तीन दिवसांचं बोला. म्हणा, दोन वर्षं निवड झाली नाही तरी आम्ही तक्रार करणार नाही, पण त्याला प्रत्येक सामन्यात काहीतरी करायला द्या. हे वाक्य पालकाकडून ऐकलं की बहुतेक प्रशिक्षक सैल पडतात, मीही पडलो असतो. नाहीच ऐकलं तर बदला.

सामन्याला जा, पण साइट स्क्रीनजवळ उभं राहून सूचना देऊ नका. परत येताना गाडीवर त्याला काही विचारू नका, त्यालाच बोलू द्या. तो गप्प राहिला तर मध्येच थांबून भजी खायला घाला.

आणि आज रात्री, त्याच्या आईसमोर, त्याला एकदा विचारा की त्याला काय हवंय. आधीच सांगून ठेवा की कुठलंही उत्तर चालेल. तो कदाचित म्हणेल मला विकेटकीपर व्हायचंय, किंवा म्हणेल सकाळची बस नको. तीन महिन्यांनी चौकटीवरच्या दोन खुणांमधलं अंतर आणि टाचेचं काय झालं, एवढं मला कळवा. पुढचं तेव्हा बोलू.